राजगिऱ्याचे देव : मेक्सिको सिटीतले सहा दिवस

पहिला दिवस, २८ ऑक्टोबर

सोकालो चौकात पाय ठेवला आणि झेंडूचा वास आला. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात येतो तोच, ओला आणि जरासा कडवट. मृतांचा सण चार दिवसांवर आलेला, त्यामुळे मेक्सिको सिटीचा हा अफाट चौक केशरी झाला होता. एका बाजूला डोक्यावर लांब पिसं बांधलेले नर्तक नाचत होते. त्यांच्या पायांत वाळक्या बियांचे चाळ होते आणि मातीच्या धुपाटण्यात कोपाल जळत होतं. कोपाल म्हणजे झाडाचा डिंक, आपल्या राळेच्या जातीचा.

"आई, झेंडू मूळचा इथलाच," लेक म्हणाली. मला ते ठाऊक होतं, पण वास घेताना पहिल्यांदा पटलं. अझ्टेकांच्या नावात्ल भाषेत या फुलाला 'सेम्पोआलशोचित्ल' म्हणत, म्हणजे वीस-फूल. पाकळ्या मोजता येत नाहीत इतक्या, म्हणून वीस. स्पॅनिश जिभेवर झिजून त्याचं सेम्पासुचिल झालं. पोर्तुगीजांच्या काळात ते समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं आणि आता त्याच्याशिवाय आपलं दाराचं तोरण होत नाही.

मी शाळेत वीस वर्षं इतिहास शिकवला. अझ्टेकांची गोष्ट तेव्हा दोन ओळींत संपायची: ते नरबळी देत आणि १५२१ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसने त्यांचं राज्य बुडवलं. त्या दोन ओळींच्या पलीकडे काय आहे ते बघायचं मनात होतं. लेक टेक्ससमध्ये शिकते, तिने सुट्टी काढली आणि आम्ही दोघी निघालो. इथे आल्यावर पहिली दुरुस्ती नावापासूनच करावी लागली. ते स्वतःला मेशिका म्हणवत, मेक्सिको हे नाव त्यातूनच आलं. 'अझ्टेक' हा शब्द जगभर रुळला तो एकोणिसाव्या शतकात.

चौकाच्या कोपऱ्यावर, कॅथेड्रलला लागूनच, तेम्प्लो मायोर म्हणजे मोठ्या देवळाचे अवशेष आहेत. २१ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री वीज कंपनीचे कामगार इथे रस्ता खणत होते आणि कुदळ एका कोरीव दगडावर आदळली. सव्वातीन मीटर व्यासाची, आठेक टनांची गोल शिळा. तिच्यावर एक बाई कोरलेली, हातपाय धडापासून सुटलेले, गालांवर घुंगरं. ही कोयोल्शाउकी. तिच्यामुळे आजूबाजूच्या इमारती पाडून पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली सगळं देऊळ उकरलं गेलं.

तिची कथा अशी. कोआतेपेक, म्हणजे सापांच्या डोंगरावर, कोआत्लिक्वे ही आई झाडलोट करत होती. वरून पिसांचा एक गोळा पडला, तो तिने उचलून पोटाशी खोचला आणि तिला दिवस गेले. मुलगी कोयोल्शाउकी संतापली, आईने नाक कापलं म्हणाली आणि चारशे भावांना घेऊन आईला मारायला निघाली. ती वर पोचली त्याच घटकेला उइत्सिलोपोच्त्ली हा युद्धदेव जन्मला, शस्त्रांसकट. हातातल्या अग्निसर्पाने त्याने बहिणीचं मस्तक उडवलं आणि तिचं धड डोंगरावरून गडगडत, तुकडे होत खाली आलं.

ती शिळा सापडली ती नेमकी उइत्सिलोपोच्त्लीच्या जिन्याच्या पायथ्याशी. म्हणजे देऊळ हाच कोआतेपेक डोंगर. वर बळी दिला की देह जिन्यावरून खाली लोटत आणि तो येऊन पडायचा तिच्या अंगावर. दरवेळी ती कथा नव्याने घडायची.

याला मऊ शब्द शोधायची माझी तयारी नाही. जवळच २०१५ मध्ये कवट्यांचा मनोरा सापडला, त्यात सहाशेहून जास्त कवट्या निघाल्या, बायकांच्या आणि मुलांच्यासुद्धा. पण त्यामागचा विचार 'रक्ताची तहान' या दोन शब्दांत मावत नाही, हेही संग्रहालयात तासभर फिरल्यावर कळतं. बळीला त्यांच्या भाषेत शब्द होता 'ऋण फेडणं'. देवांनी स्वतःचा जीव दिला म्हणून सूर्य चालतो, तेव्हा आपण देणेकरी. ऋणाची कल्पना आपल्याला परकी नाही. इथे ते ऋण माणसाच्या जिवाने फेडलं गेलं आणि बळी जाणाऱ्यांत युद्धातले कैदी पुष्कळ होते, म्हणजे फेड दुसऱ्याच्या खिशातून होत होती. त्यांच्या शेजाऱ्यांनी कोर्तेसला साथ का दिली, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

दुसरा दिवस, २९ ऑक्टोबर

मेट्रोने निघालो. पिनो सुआरेस स्थानकात एक मेट्रो सोडून दुसरी धरायला चालत असताना मध्येच वाऱ्याच्या देवाची, एएकात्लची, गोल वेदी उभी! १९६७ मध्ये मेट्रो खणताना सापडली आणि तिथेच ठेवली. लोक डबा सांभाळत, फोनवर बोलत तिच्या बाजूने जातात. स्थानकाचं चिन्हही तीच वेदी आहे. मी थांबले तेव्हा मागच्या बाईने नम्रपणे वळसा घातला.

मानववंशशास्त्राच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दाराशी एक अवाढव्य मूर्ती आहे, १६८ टनांची. पावसाचा देव त्लालोक म्हणून ती ओळखली जाते, ती जलदेवी चाल्चिउत्लिक्वे असावी असंही काही अभ्यासक म्हणतात. १९६४ मध्ये कोआत्लिंचान गावाहून ती आणायची ठरली, तेव्हा गावकऱ्यांनी गाडीची मोडतोड केली. आमचा पाऊस जाईल, ही त्यांची भीती. शेवटी सैन्य आलं. १६ एप्रिलला मूर्ती शहरात शिरली आणि भर उन्हाळ्यात धो धो पाऊस कोसळला. शहरवाले ही आठवण कौतुकाने सांगतात. मला मात्र रिकाम्या झालेल्या त्या ओढ्याकाठच्या गावाचं वाईट वाटलं. आपल्या गावची ग्रामदेवता उचलून मुंबईच्या संग्रहालयाच्या दारात उभी केली, तर गाव काय म्हणेल?

आत मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती कोआत्लिक्वेपाशी. दीड पुरुष उंचीचा काळपट दगड. एकमेकांत विणलेल्या सापांचा घागरा, गळ्यात तळहातांची आणि काळजांची माळ, तिला कवटीचं पदक. मान कापलेली आणि तिथून उसळणाऱ्या रक्ताचे दोन साप समोरासमोर येऊन तिचा चेहरा झालेले. लेक दोन पावलं मागे सरली. मला भीती वाटली नाही. मुंडमाळा घातलेली चामुंडा बघत वाढलेल्या माणसाला जन्म देणारी आणि गिळणारी आई एकच असते, हे कुणी समजावून द्यावं लागत नाही.

१३ ऑगस्ट १७९० ला ती सोकालोत सापडली. विद्यापीठाच्या अंगणात नेऊन ठेवली, तर मूळचे लोक गुपचूप येऊन तिच्यापुढे मेणबत्त्या लावू लागले. पाडाव होऊन अडीचशेहून जास्त वर्षं झालेली, देवळं मोडलेली, पोथ्या जाळलेल्या, तरीही लोकांनी आईला ओळखलं. घाबरलेल्या प्राध्यापकांनी ती पुन्हा पुरली. १८०३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट आला, त्याच्यासाठी उकरली आणि परत पुरली. या संग्रहालयातल्या कुठल्याही पाटीपेक्षा मला ही मेणबत्त्यांची गोष्ट मोठी वाटते.

१७९० मध्येच १७ डिसेंबरला सापडलेली सूर्यशिळा पलीकडच्या भिंतीवर आहे, साडेतीन मीटरहून रुंद, चोवीस टनांची. टी-शर्टवर, नाण्यांवर, फुटबॉलच्या जर्सीवर तीच. मधल्या मुखाभोवती चार चौकटी आहेत, होऊन गेलेल्या चार सूर्यांच्या. पहिलं जग जग्वारांनी खाल्लं, दुसरं वाऱ्याने नेलं, तिसरं आगीच्या पावसात जळलं, चौथं पुरात बुडालं. आपण पाचव्यात आहोत. त्याचं नाव 'चार-हालचाल' आणि त्याचा शेवट भूकंपाने होणार.

हे वाचताना या शहरात अंगावर काटा येतो. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात इथे हजारो माणसं गेली. २०१७ मध्ये त्याच तारखेला, स्मरणदिनाचा सराव झाल्यावर सव्वादोन तासांनी, पुन्हा जमीन हलली. २०२२ मध्ये तिसऱ्यांदा, तारीख तीच. आमच्या घरमालकीणबाई कडव्या कॅथलिक आहेत. त्या सहज म्हणाल्या, "पाचवा सूर्य आहे ना, हलणारच."

तिसरा दिवस, ३० ऑक्टोबर

तेओतिउआकान. शहरापासून पन्नासेक किलोमीटर. सकाळी लवकर पोचलो म्हणून ऊन चढायच्या आत मृतांचा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून झाला.

हे शहर अझ्टेकांनी बांधलेलं नाही. ते आले तेव्हा ते ओसाड पडून सहाएक शतकं झाली होती. एवढे मनोरे माणसांनी उभारले असतील, हे त्यांना पटेना. म्हणून नाव दिलं, 'जिथे देव घडले ती जागा'. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, ते याच भावनेने.

त्यांच्या समजुतीप्रमाणे अंधारात सगळे देव इथे जमले. सूर्य कुणी व्हायचं? श्रीमंत तेकुसिस्तेकात्ल पुढे झाला, पण धगधगत्या कुंडाजवळून चार वेळा मागे फिरला. मग अंगभर फोड आलेल्या, गरीब नानाउआत्सिनने डोळे मिटून उडी घेतली. लाजून श्रीमंतानेही घेतली. दोन सूर्य सारख्याच तेजाने उगवले, तेव्हा एका देवाने दुसऱ्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. तो चंद्र. म्हणून चंद्रावर ससा.

शशी, शशांक! सूर्याच्या पिरॅमिडच्या सावलीत मी लेकीला या शब्दांची फोड सांगितली. तिला शशांक नावाचा वर्गमित्र होता आणि नावात ससा आहे हे ठाऊक नव्हतं. दोन खंड, मध्ये महासागर, एकमेकांची गंधवार्ता नाही आणि दोघांनीही चंद्रावर ससाच पाहिला.

चौथा दिवस, ३१ ऑक्टोबर

वाटेत त्लातेलोल्कोला उतरलो. १३ ऑगस्ट १५२१ ला शेवटची लढाई इथे झाली. चौकातल्या शिलालेखात लिहिलंय की हा ना विजय होता ना पराभव, आजच्या मिश्र मेक्सिकोचा तो वेदनादायी जन्म होता. वाक्य देखणं आहे. पण देवळाच्या मोडक्या दगडांनीच बांधलेलं चर्च समोर दिसतं, तेव्हा पराभव हा शब्द इतक्या सहज खोडता येत नाही, असं मला वाटलं.

तिथून तेपेयाक टेकडी, ग्वादालुपेच्या मातेचं ठिकाण. १५३१ च्या डिसेंबरात हुआन दिएगो नावाच्या मूळनिवासी माणसाला इथे मेरीमातेने दर्शन दिलं आणि त्याच्या अंगावरच्या जाडसर कापडावर तिची प्रतिमा उमटली, अशी श्रद्धा. १९७६ च्या नव्या बॅसिलिकात ते कापड वर टांगलेलं आहे. गर्दी तुंबू नये म्हणून खाली सरकते पट्टे आहेत, माणूस माना वर करून दोन्ही दिशांना वाहत राहतो. बाहेर एक आजी गुडघ्यांवर चालत येत होत्या, नातू पुढे पुढे घोंगडी पसरत होता. पंढरपूरच्या वाटेवरची दंडवतं आठवली.

या टेकडीवर आधी तोनान्त्सिनचं स्थान होतं. 'तो' म्हणजे आपली, 'नान' म्हणजे आई आणि 'त्सिन' हा आदराचा, लाडाचा प्रत्यय. मराठीत याला एकच शब्द चपखल बसतो, माउली. सोळाव्या शतकातच साआगुन या पाद्रीने तक्रार लिहून ठेवली आहे की लोक लांबून इथे येतात ते पूर्वीसारखेच आणि हिला तोनान्त्सिनच म्हणतात. त्याला ती फसवणूक वाटली. मला त्यात हरलेल्या लोकांची शहाणी चिकाटी दिसते. दाराशी कोरलेलं वाक्य हुआन दिएगोला मातेने नावात्लमध्ये म्हटलेलं, असं मानतात: "मी इथे आहे ना, तुझी आई?"

लेकीची टेक्ससमधली मैत्रीण मेक्सिकन-अमेरिकन आहे, पणजोबांपासून तिकडचीच. तिने ग्वादालुपेची एक माळ आणायला सांगितली होती. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांनी डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत मोर्चा नेला, तेव्हा पुढे हिचीच पताका होती आणि संघटनेच्या झेंड्यावर अझ्टेक गरुड. अस्त्लान, ती अझ्टेकांची पुराणातली मूळ भूमी, आपल्याच पायाखाली आहे, असं तिथल्या तरुणांनी नंतर जाहीर केलं. "आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमा आमच्यावरून गेली" असं ती मैत्रीण म्हणते. घोषणा जुनी आहे, पण तिच्या तोंडी ती घरच्या गोष्टीसारखी येते.

पाचवा दिवस, १ नोव्हेंबर

सोचिमिल्को. रंगीत होड्या, गाणी, कणसं विकणाऱ्या बायका. ते सगळं मागे टाकून आम्ही आतल्या शांत कालव्यांत गेलो, चिनाम्पा बघायला. तळ्यातला गाळ आणि वेली रचून केलेले हे लांबट वाफे, कडेला मुळांनी माती धरून ठेवणारी झाडं. याच शेतीवर मेशिकांची राजधानी तेनोच्तित्लान जगली. शेतकरीदादांनी टबातला आखोलोते, म्हणजे सॅलमँडरच्या जातीचा जलचर, दाखवला, गुलाबी नव्हे, खरा, मातकट काळा. गळ्याशी पिसांसारखे कल्ले.

हा शोलोत्ल देव. केत्साल्कोआत्लचा, म्हणजे पिसांच्या सर्पदेवाचा, जुळा. कोआत्ल म्हणजे साप आणि जुळाही, म्हणून इथे आजही मित्राला 'क्वाते' म्हणतात. सूर्य चालावा म्हणून सगळे देव मरायला तयार झाले, शोलोत्ल तेवढा पळाला. आधी दुहेरी ताटाचा मका झाला, मग दुहेरी घायपात, शेवटी पाण्यात शिरून आखोलोते झाला आणि तिथे पकडला गेला. आता त्याला पळायलाही जागा उरलेली नाही. १९९८ च्या मोजणीत इथे चौरस किलोमीटरला सुमारे ६००० होते, २०१४ मध्ये ३६. पन्नास पेसोंच्या नोटेवर मात्र तो आहे.

दुपारी तुल्येउआल्को गावी गेलो आणि ज्यासाठी आले होते हे मला आधी ठाऊक नव्हतं, ते तिथे भेटलं.

एका घराच्या ओसरीवर एक मावशी तापल्या कोमालवर, म्हणजे तव्यावर, मूठभर बारीक दाणे टाकत होत्या. छोट्या कुंच्याने फिरवायच्या, दाणे तडतडून पांढरे व्हायचे, की झटक्यात बाजूला. हाताचा तो झटका मी ओळखला. माझी आई एकादशीच्या आदल्या दिवशी राजगिरा असाच फुलवायची. जरा उशीर झाला की करपतो, म्हणून आम्हा मुलांशी बोलायचीसुद्धा नाही.

राजगिराच तो! नावात्लमध्ये उआउत्ली. मेशिकांचा सम्राट मोक्तेसुमा याच्या दरबारी मका, घेवडा, चिया यांच्याबरोबर राजगिऱ्याच्या कणग्या खंडणीत येत. आणि राजगिऱ्याचं पीठ घायपाताच्या काकवीत मळून त्यातून ते देव घडवत. उइत्सिलोपोच्त्लीची मूर्ती अशीच व्हायची. उत्सवाच्या शेवटी ती मोडून तुकडा तुकडा सगळ्यांना वाटत आणि लोक देवाचं अंग म्हणून खात. पाद्र्यांना त्यात आपल्याच प्रसादविधीची सैतानी नक्कल दिसली. ते विधी बंद पाडले गेले, राजगिऱ्याची शेती मागे पडली. पण या अशा गावांतून ती टिकली.

आता मावशी काकवीऐवजी पिलोनसियो घालतात, म्हणजे गूळ. ऊस त्यांच्याकडे स्पॅनिशांबरोबर आला, आपल्या बाजूच्या जगातून. राजगिरा त्यांच्याकडून आपल्याकडे आला. वडीचं नाव 'अलेग्रिया', आनंद. मृतांच्या सणाला त्याच मिश्रणाच्या छोट्या कवट्या करतात, शेंगदाण्याचे दात, बेदाण्याचे डोळे. पिठाचे देव घडवणारे हात अजून थांबलेले नाहीत.

मी मावशींना मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की उद्या आमची मोठी एकादशी, कार्तिकी, आणि त्या दिवशी आम्ही धान्य खात नाही, हे खातो. त्यांनी विचारलं, आणखी काय खाता? मी सांगत गेले. शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, साबुदाणा. प्रत्येक नावाला त्या हसून मान डोलवत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "हे तर सगळं आमच्याकडचं." खरंच! आपलं सोवळ्यातलं, पिढ्यान् पिढ्यांचं फराळाचं ताट बरंचसं अमेरिका खंडातून आलेलं आहे. आईला हे सांगितलं असतं तर तिने आधी मानलंच नसतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

मावशींनी दोन कवट्या केळीच्या पानात बांधून दिल्या आणि एकीचेच पैसे घेतले.

सहावा दिवस, २ नोव्हेंबर

मिस्किक गाव, शहराच्या आग्नेय कडेला. दुपारपासून रस्त्यांवर झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा घातलेल्या होत्या, घराच्या उंबऱ्यापासून थेट. मृतांना वास धरून येता यावं म्हणून. घराघरांत पाटावर ताटं मांडलेली: मोले, तमाले, पाण्याचा पेला, मीठ, जाणाऱ्याची आवडती सिगारेटसुद्धा. पितृपक्षातलं पान डोळ्यांपुढे आलं. फक्त आपण ते दबक्या आवाजात करतो, इथे दारात बॅन्ड वाजत होता.

सगळंच अझ्टेकांचं आहे असं म्हणणं खरं नाही. तारीख चर्चची आहे. मेशिकांचे मृतांचे महिने उन्हाळ्याच्या अखेरीस येत. पण मिक्त्लानची, म्हणजे मृतांच्या लोकाची, वाट त्यांची. मेलेल्याला चार वर्षं चालावं लागतं, नऊ टप्पे, आणि नदी आली की कुत्रा पाठीवर घेऊन पार करतो. आपल्याकडे वैतरणीला गायीचं शेपूट धरायचं, इथे कुत्र्याची पाठ. दफनभूमीच्या फाटकाशी एक केस नसलेला काळा शोलो कुत्रा झोपला होता आणि लोक त्याला न उठवता ओलांडत होते.

अंधार पडल्यावर घंटा सुरू झाल्या आणि प्रत्येक थडग्यावर मेणबत्त्या लागल्या. हजारो. कोपालचा धूर इतका दाट की माणसं कमरेखालीच दिसत. कुणी रडत नव्हतं, बहुतेक जण बसून होते, घोंगड्या पांघरून, थर्मासमधलं काहीतरी पीत. आम्ही भिंतीशी उभ्या होतो. एका थडग्याजवळच्या आजींनी हाताने बोलावलं, बसायला पाट सरकवला आणि विचारलं, "तुमचं कोण आहे?"

मी आईचं नाव सांगितलं. त्यांना ते उच्चारता येईना, दोनदा विचारून घेतलं. मग आपल्या नवऱ्याच्या थडग्यावरची एक मेणबत्ती उचलून त्यांनी ती जराशी बाजूला, वेगळी लावली आणि तिच्यापुढे झेंडूचं एक फूल ठेवलं. मी पिशवीतून राजगिऱ्याच्या दोन्ही कवट्या काढल्या. एक तिथे ठेवली. दुसरी लेकीने आणि मी मोडून खाल्ली, दिवसभरात पहिल्यांदाच काही तोंडात जात होतं. गूळ जरा जास्त होता, आईने नक्की सांगितलं असतं.

धुराच्या वर एकादशीचा चंद्र आला होता. आजींनी नातवाला वर बोट दाखवून काहीतरी म्हटलं. त्यातला एकच शब्द मला कळला, कोनेखो. ससा.